घरातला उजेड आणि त्याचा हिशेब

मंडळाच्या या मालेत आजवर संतवाङ्मयावर, नाटकावर, सीमाभागातील शिलालेखांवर जाणकारांनी लिहिले आहे. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. इतिहासाचा अभ्यास माझा हौसेपुरता. म्हणून यंदा माझे नाव सुचवले गेले तेव्हा रोज हाताखालून जाणारा विषय निवडला : घरातला दिवा, त्यावर होणारा खर्च, आणि तो खर्च कमी करण्यासाठी आपल्या घरांनी केलेल्या खटपटी. विषय किरकोळ वाटेल. पण तुमच्याही माळ्यावर एखादा गंजलेला कंदील असेलच. हे वाचून झाल्यावर तो खाली काढून पाहावासा वाटला तरी मला पुरे आहे.

माझ्याकडे या विषयाचे साधन म्हणजे आमच्या आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, रोजकीर्दी. आमचे गाव निपाणीच्या बाजूचे, घरचा व्यापार तंबाखूचा, थोडी शेती. लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या. जुन्या मोडीत, नंतरच्या बाळबोध. मोडी मला वाचता येत नव्हती, ती साठी जवळ आल्यावर शिकलो, ते याच वह्यांसाठी. त्यांत दिव्याचा खर्च दोन ठिकाणी पडतो. एक सदर ‘देवाचे तेल’, दुसरे ‘घासलेट’. पहिल्या सदरात कधी खाडाखोड नाही, काटछाट नाही. दुसऱ्यात मात्र महिन्याला झगडा दिसतो. किती आणले, किती उरले, कोणाच्या खोलीत जास्त जळले, हे सगळे तिथे आहे. घरातल्या उजेडाचा इतिहास मला या दोन सदरांच्या मधे सापडला.

देवाच्या तेलाची परंपरा जुनी. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती तुम्ही पाहिली असेल. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती १२०४ च्या सुमारास बांधली. त्या काळच्या कर्नाटक-महाराष्ट्रातील देवळांच्या आणि बस्त्यांच्या शिलालेखांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : नंदादीपासाठी जमीन दिली, किंवा गावातल्या प्रत्येक तेलघाण्यामागे ठराविक माप तेल लावून दिले. देवापुढचा दिवा विझू नये म्हणून दगडावर कोरून व्यवस्था करत. कारण उघड आहे. तेल महाग होते. जे तेल दिव्यात जळते तेच पोटात जाऊ शकते, आणि घरोघरी पोटाचा हक्क आधी.

तेलही जागेप्रमाणे बदले. गोव्यात खोबरेल, कोकणपट्टीत उंडीचे कडू तेल, आपल्या देशावर करडई आणि जवस. करंजाचे आणि एरंडाचे तेल खाण्याचे नव्हे, म्हणून दिव्याला चाले. एरंडेल सावकाश जळते आणि काजळी कमी धरते, म्हणून ज्याच्या बांधावर एरंड त्याचा दिवा जरा जास्त वेळ. जुन्या घरांत भिंतीत दिवळी असे, हातभर उंचीवर, आणि तिच्या वरचा भाग काजळाने काळा. दिवळी बहुधा दाराजवळ किंवा दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत काढत, म्हणजे एका पणतीत दोन्हीकडचे काम भागे. भिंतीला चुना लावण्याचाही एक फायदा हाच होता की उजेड दुप्पट वाटे. छपरात एखादे काचेचे कौल बसवले की दिवसाचा दिवा फुकट. खानापूरच्या कौलारू घरांत अशी कौले अजून दिसतात. माझ्या मते घरातल्या उजेडावर आजवर केलेली सर्वांत शहाणी बचत म्हणजे ते काचेचे कौल. एकदा पैसे द्यायचे, पुढे कोणाला काही देणे लागत नाही.

तेलाचा उजेड किती महाग होता, याचा हिशेब एका अर्थशास्त्रज्ञाने घातला आहे. विल्यम नॉर्डहाउस त्यांचे नाव. २०१८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते दुसऱ्या कामासाठी. त्यांनी मातीचा एक जुना दिवा विकत घेतला, त्यात तिळाचे तेल घातले, वात पेटवली आणि तो किती उजेड देतो ते मीटरने मोजले. त्यावरून १९९६ च्या एका निबंधात त्यांनी मांडले की आपला साठ वॅटचा जुना बल्ब साधारण सव्वा तासात देतो तेवढा उजेड मिळवायला प्राचीन बॅबिलोनमधल्या मजुराला चाळीस तासांहून अधिक राबावे लागे. १८०० च्या सुमारास हे काम साडेपाच तासांवर आले होते. १९९२ मध्ये, त्या वेळच्या सीएफएल दिव्याने, अर्ध्या सेकंदाची मजुरी पुरत होती. हा निबंध वाचला त्या दिवशी मला आबांचे ‘घासलेट’चे सदर एकदम समजले. ते चिक्कू नव्हते. उजेड खरोखरच श्रीमंतीची वस्तू होता.

आता आमच्या जैन घरांची एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती इथे थेट येते. आमच्याकडे सूर्यास्तानंतर जेवण नाही. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्यांतली एक ‘आलोकितपानभोजन’. म्हणजे नीट उजेडात, पाहून, खाणे-पिणे. तेलाच्या दिव्याभोवती पावसाळ्यात पाखरे जमतात, ज्योतीत पडतात, ताटात पडतात. तेव्हा दिव्याच्या उजेडात शिजवूही नये, खाऊही नये. हेतू जीवदयेचा. पण त्याचा एक परिणाम खर्चावरही होई. संध्याकाळचे सगळ्यांत मोठे काम दिवसाउजेडी उरकलेले, म्हणजे तेलाची तेवढी बचत.

ही युक्ती युरोपला बरीच उशिरा सुचली. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्राला थट्टेचे पत्र लिहिले होते : पॅरिसकर सूर्याबरोबर उठले तर मेणबत्त्यांचा कोट्यवधींचा खर्च वाचेल, म्हणून सकाळी तोफा डागून लोकांना उठवा. थट्टा होती, पण पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, जर्मनीने खरोखरच घड्याळे तासभर पुढे केली. आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, घड्याळ एक तास पुढे होते. आमच्या आज्जीला याचे काही वाटले नाही. तिचे घड्याळ अंगणातल्या सावलीवर चाले, आणि सावली सरकारी हुकूम मानत नाही, असे ती म्हणे.

घासलेट मात्र तिच्या आयुष्यातला मोठा बदल होता. शब्दच पाहा. ‘गॅसलाइट’चे आपण घासलेट केले आणि ‘रॉक ऑइल’चे रॉकेल. कन्नडमध्ये त्यालाच सीमे एण्णे म्हणतात, म्हणजे परमुलखातले तेल. तिन्ही शब्दांत ते बाहेरून आले हे स्पष्ट दिसते. १८५९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या टायटसव्हिल येथे ड्रेकने तेलाची विहीर खणली आणि पुढच्या पन्नास वर्षांत ते तेल चौकोनी पत्र्याच्या डब्यांतून आपल्या बाजारपेठांपर्यंत आले. (आमच्या होमिओपॅथीत ‘पेट्रोलियम’ नावाचे औषध आहे, ते याच दगडी तेलापासूनचे. कॉलेजात ते नाव वाचले तेव्हा मला आधी आमच्या घरातली चिमणीच आठवली.) या तेलाने एक मोठा उपकार केला : दिव्याचे तेल आणि पोटाचे तेल वेगळे केले. आता जळलेल्या दिव्याने कोणाची फोडणी कमी होत नव्हती.

पण घासलेटचा दिवा दोन प्रकारचा होता, आणि सगळी गोष्ट त्या फरकात आहे. एक कंदील. त्याला काच, वर-खाली होणारी वात, वात फिरवण्याची चावी. दुसरी चिमणी. पत्र्याची डबी, तिच्या झाकणाला भोक, भोकात चिंधीची वात, काच नाही. कंदिलाला तेल जास्त लागे, पण उजेड चिमणीहून कितीतरी चांगला, धूर कमी, आणि काच असल्याने पाखरेही ज्योतीत पडत नसत. जैन घरांत कंदील लवकर रुळला त्याचे हेही एक कारण असावे. चिमणीला थेंबभर तेल पुरे. ती काजळी ओकते, वाऱ्याने लवंडते, पदराला लागते.

सुरुवातीचे कंदील परदेशी. स्वदेशीच्या चळवळीत या दिव्यालाही महत्त्व आले. कंदील बनवायचा तर आधी काच हवी. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसाफंडातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला तो १९०८ च्या सुमारास. पुढे ओगले बंधूंनी १९१६ मध्ये कराडजवळ ओगले ग्लास वर्क्स काढला. त्या वस्तीचे नावच ओगलेवाडी पडले. तिथे काचेबरोबर कंदीलही होऊ लागले आणि वडिलांच्या नावावरून त्यांनी कंदिलाला ‘प्रभाकर’ नाव दिले. आपल्यासारख्यांच्या आजोळी-पणजोळी ‘प्रभाकर’ नसेल असे घर विरळा. आमच्या वहीत एका पानावर ‘प्रभाकर नग १’ अशी नोंद आहे आणि तिच्यापुढे, सबंध वहीत कुठेच नाही असे, आबांनी एक छोटे फूल काढले आहे.

या कंदिलाची उस्तवारी रोजची. तिन्हीसांजेच्या आधी अंगणात बसून काच राखेने किंवा रांगोळीने घासायची, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायची, वातीची जळकी कड कात्रीने सरळ कापायची. कड तिरकी कापली तर ज्योतीला शिंग फुटते आणि काच एका बाजूने काळी होते. काळी काच निम्मा उजेड खाते, म्हणजे तेल तेवढेच आणि उजेड अर्धा. दिव्यावर पैसे वाचवण्याची खरी विद्या ही होती, आणि ती घरातल्या मुलींकडे असे. माझी मोठी बहीण काच इतकी लख्ख करी की शेजारचे आपला कंदील तिच्याकडे आणून देत. तिला हे काम आवडत नसे, हे ती मला पन्नास वर्षांनी म्हणाली.

आता सांगा, तुमच्या घरी कंदील कुठे लागे? आमच्याकडे एक सोप्यात, आबांच्या गादीपाशी. एक माडीवर, मुलांच्या अभ्यासाला. माजघरात चिमणी. गोठ्यात जाताना हातात चिमणी. आणि स्वयंपाकघरात काहीच नाही. आबांचे म्हणणे साधे होते : सूर्यास्तानंतर आपल्याकडे चूल पेटत नाही, तिथे दिवा कशाला? धर्माच्या दृष्टीने बिनतोड. पण चूल विझली म्हणून काम विझत नाही. भांडी आत आणायची, विरजण लावायचे, पाणी गाळून ठेवायचे, तान्ह्याला निजवायचे, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून आंघोळीचे पाणी तापवायचे. हे सगळे माझी आज्जी आणि माझी आई अंधारात, हाताच्या अंदाजाने करत. वहीत ‘घासलेट’च्या सदरात जी बचत दिसते, तिचा बराच भाग तिथून आलेला आहे. कोणत्याही वहीत ते तसे लिहिलेले नाही.

महायुद्धापासून पुढे घासलेटला रेशन लागले. रेशनचे निळे रॉकेल अनेकांना आठवत असेल. काळ्या बाजारात ओळखू यावे म्हणून त्याला रंग घालत. रेशन आले की आधी चिमणी बारीक होई. कंदील बारीक झाल्याची आठवण मला नाही.

वीज आमच्या गावात आली १९६६ मध्ये. मी सहा वर्षांचा होतो. विजेचा देशातला इतिहास तोवर सत्तर वर्षांचा झाला होता : दार्जिलिंगला १८९७ मध्ये पाण्यावर वीज झाली, शिवसमुद्रमला १९०२ मध्ये, आणि तिथल्या विजेवर १९०५ मध्ये बंगळूरचे रस्त्यावरचे दिवे लागले. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकच्या धबधब्याने एकोणिसाव्या शतकातच सूतगिरणी चालवली होती. पण गावातल्या घरापर्यंत तार यायला राज्य पुनर्रचना व्हावी लागली, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, त्याची जखम अजून ओली होती, आणि मग ती तार आली. लोक म्हणत, सरकार कोणाचे का असेना, दिवा तर लागला. काही जण हे म्हणत नसत.

आबांनी तीन पॉइंट घेतले. भिंतीवर लाकडी पट्टी, पट्टीतून वायर, पितळी होल्डर, काळे गोल बटण. सोप्यात साठ वॅटचा बल्ब, माडीवर चाळीसचा, देवघराच्या दाराशी पंधराचा. चौथ्या पॉइंटचे पैसे जास्त पडत होते. स्वयंपाकघर पुन्हा वगळले गेले, कारण तेच.

१९६९ च्या पावसाळ्यात आई पहाटे चार वाजता जळण काढायला गेली. शेणींच्या ढिगात विंचू होता. तिचा हात खांद्यापर्यंत ठणकत होता आणि घामाने ती थंड पडली होती. गावात डॉक्टर नव्हते. निपाणीहून आणावे लागले. दोन दिवसांनी ती उठली. त्या दिवसाच्या तारखेला वहीत ‘डॉक्टर’ म्हणून रक्कम मांडली आहे. ती त्या महिन्याच्या विजेच्या बिलापेक्षा जास्त आहे. दोन्ही नोंदी एकाच पानावर, सहा ओळींच्या अंतराने. आबा प्रेमळ होते, सुनेच्या उशाशी रात्रभर बसले. तरीही त्यानंतर स्वयंपाकघरात बल्ब आला नाही. आली ती चिमणी. बल्ब लागला तो आबा गेल्यावर, १९७४ मध्ये, आणि तोही माजघरातून लोंबती वायर ओढून. आई म्हणाली, ‘आता कळलं, या भिंतीला किती काजळी होती.’

मी १९८६ मध्ये दवाखाना उघडला. पहिल्या काही वर्षांत चिमणीने भाजलेल्या किती बायका पाहिल्या याची मी मोजदाद ठेवली नाही, आणि आता वाटते की ठेवायला हवी होती. माझ्याकडे त्या उशिरा येत, फोड फुटल्यावर; मी त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवी. पाण्याचा तांब्या समजून घासलेट प्यालेली मुले वेगळीच. त्यांना उलटी करवू नये, ती छातीत जाते, हे घरच्यांना सांगता सांगता निम्मा वेळ जाई. या सगळ्या घरांत बचत चालू होती. ती कोणत्या खोलीत चालू होती हे जखम पाहून कळे.

आता विजेच्या दिव्याकडे वळू, कारण बचतीचा आजचा प्रश्न तिथला आहे. जुना बल्ब म्हणजे खरे तर छोटी शेगडी. आत तार तापते, लाल होते, पांढरी होते. दिलेल्या विजेतली पाचेक टक्के उजेड होऊन बाहेर पडते, बाकीची उष्णता. चालू बल्बला हात लावून ज्याचे बोट पोळले आहे त्याने बिलातला पंचाण्णव टक्के भाग अनुभवला आहे. नळीचा दिवा, म्हणजे ट्यूबलाइट, खूपच बरा. पण पट्टीत जो जड तांब्याचा चोक असे तो स्वतःच दहा-पंधरा वॅट खाई. चाळीसची ट्यूब म्हणून आपण पंचावन्नचे पैसे भरत होतो. मग सीएफएल आले. त्यांत पारा असे, फुटले की घरात वास आणि भीती. दहाएक वर्षांत ते गेलेही. त्यांच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

झिरोच्या बल्बबद्दल मात्र लिहायलाच हवे. हा आपल्या घरातला सर्वांत मोठा गैरसमज आहे. झिरो म्हणजे शून्य वीज, असे समजून देवघरात, जिन्यात, बाळाच्या खोलीत तो रात्रभर जळत असे. प्रत्यक्षात तो बारा ते पंधरा वॅट घेतो. जुन्या चकतीच्या मीटरला एवढा बारीक ओघ बहुधा जाणवत नसे, म्हणून नाव खरे वाटे. आजचा इलेक्ट्रॉनिक मीटर थेंब अन् थेंब मोजतो. पंधरा वॅट, दहा तास, तीस दिवस : साडेचार युनिट. आजचा नऊ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला तर महिन्याला होतात एक पूर्णांक पस्तीस शतांश युनिट. म्हणजे तुमच्या झोपेतला तो मिणमिणता लाल बल्ब लख्ख उजेडाचे तीन दिवे जाळतो आहे. अजून कोणाकडे असेल तर आज काढा आणि अर्ध्या वॅटचा छोटा एलईडी लावा.

एलईडीचा शोध एका दिवसाचा नाही. लाल आणि हिरवे बारीक दिवे रेडिओवर, घड्याळात आपण पूर्वीपासून पाहत होतो. पांढरा उजेड करायला निळा हवा होता, आणि तो जमत नव्हता. जपानमधील इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो १९९० च्या आसपास जमवला. २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१५ मध्ये, आपल्याकडे केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने एकदम कोट्यवधी बल्बांची मागणी नोंदवली आणि खरेदीचा भाव २०१४ च्या सुरुवातीला तीनशे रुपयांच्या वर होता तो दोन-तीन वर्षांत चाळीसच्या खाली आला. विजेच्या बिलाबरोबर हप्त्याने मिळालेला तो नऊ वॅटचा बल्ब तुमच्याही घरात आला असेल. साठ वॅटच्या जुन्या बल्बचे काम तो नऊ वॅटमध्ये करतो.

माझ्या मते या आकड्याचा खरा अर्थ गरिबांच्या घरात कळतो. कर्नाटकात भाग्यज्योती नावाची जुनी योजना होती. गरीब घराला एक दिव्याचे कनेक्शन, महिन्याला अठरा युनिट फुकट. अठरा युनिट म्हणजे चाळीस वॅटचा एक बल्ब रोज पंधरा तास. एकच दिवा, मग तो कुठे लावायचा? मी व्हिजिटला गेलो की पाही. तो बाहेरच्या खोलीत असे, आणि आतल्या खोलीत दारातून जेवढा जाईल तेवढा. त्याच अठरा युनिटांत आज नऊ वॅटचे चार दिवे तेवढेच तास चालतात. बाहेर, आत, चुलीपाशी आणि मागच्या दाराशी. बारा-तेराव्या शतकात नंदादीपासाठी जमीन लावून द्यावी लागत होती. आता चुलीपाशीही दिवा आहे आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत.

जुलै २०२३ पासून कर्नाटकात गृहज्योती आहे, दोनशे युनिटांपर्यंत वीज फुकट. पण तुमची फुकट मर्यादा ठरते ती आधीच्या वर्षाच्या, म्हणजे २०२२-२३ च्या, सरासरी वापरावर दहा टक्के वाढवून. ज्यांनी आधीच एलईडी लावले, पंखे बंद केले, वापर कमी ठेवला, त्यांची मर्यादा लहान. ज्यांनी उधळले त्यांची मोठी. अगदी कमी वापर असणाऱ्यांना नंतर थोडी सवलत दिली. माझ्या शेजारचे निवृत्त शिक्षक हा नियम ऐकून इतके हसले की त्यांना खोकला लागला. आयुष्यभर मुलांना ‘खोलीतून निघताना बटण बंद’ शिकवले होते त्यांनी.

आणखी एक गोष्ट, डॉक्टर म्हणून. बल्ब घेताना वॅटबरोबर खोक्यावरचा लुमेन हा आकडा पाहा. उजेड किती ते तो सांगतो. नऊ वॅटला नऊशेच्या आसपास असावा. झोपायच्या खोलीत आणि देवघरात पिवळसर उजेडाचा घ्यावा, पांढराशुभ्र नको. पिवळसर दिव्याकडे पाखरेही कमी येतात, आणि मुळात एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात. पावसाळ्यात आज्जीला जी भीती वाटे ती बरीचशी यात मिटली आहे.

पण घरात काटकसर करायची असेल तर दिव्यापाशी थांबू नका. दोन किलोवॅटचा गीझर रोज अर्धा तास लावला की महिन्याला तीस युनिट. जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा दहा तास फिरला की साडेबावीस. नवा तीस वॅटचा नऊ. आपल्या बिलात दिव्यांचा वाटा आता लहान आहे. असे असूनही सवय अशी की हात पहिल्यांदा दिव्याच्या बटणाकडेच जातो, आणि त्यातही कोणत्या?

मी अजून आठवड्यातून दोनदा गावांत व्हिजिटला जातो. गुडघेदुखीच्या, दम्याच्या म्हाताऱ्या बाया. सोप्यात वीस वॅटची नवी एलईडी ट्यूब, टीव्हीवर निळी लकेर, देव्हाऱ्यात रंगीत माळ. आणि स्वयंपाकघरात, ओट्याच्या बरोबर मागे, स्वतःच्या पाठीची सावली ताटात पडेल असा एक बल्ब, पाच वॅटचा. मी विचारतो, हा पुढे ओट्यावर का नाही? उत्तर ठरलेले : फिटिंग तिथेच होती. फिटिंग तिथे कोणी करायला सांगितली हे विचारत नाही. औषधाच्या कागदाच्या मागे मी ओट्याचे चित्र काढतो, बल्बच्या जागी फुली मारतो, आणि नऊ वॅट असे लिहितो.

आमच्या घरी तो प्रभाकर अजून आहे. काच बदललेली आहे, टाकीला गंज आहे, पण वात फिरते. गेल्या दिवाळीत, वीरनिर्वाणाच्या पहाटे, बहिणीने तो खाली काढला आणि मी नको म्हणत असताना राख घेऊन अंगणात बसली. काच अर्ध्या तासात लख्ख झाली. मग आम्ही दोघांनी तो पेटवून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, आईच्या जुन्या जागी, आणि वरचा एलईडी बंद करून पाहिला. जेमतेम चूल दिसत होती. बहीण म्हणाली, ‘आईला एवढाही नव्हता.’ आम्ही बटण दाबले.